पिकअपचे ऑइल : एका शब्दाचा इतिहास

बैलगाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चाक कुरकुरू लागले की आमचे आजोबा गाडी थांबवीत, खीळ काढून चाक जरासे बाहेर ओढीत आणि आसाला एरंडेलाचे वंगण फाशीत. ‘माणूस असो की गाडी, कुरकुर ऐकू आली की वेळेवर वंगण घालावं,’ असे ते म्हणत.

आज त्याच अंगणात माझ्या चुलतभावाची डिझेल पिकअप उभी असते. ही गाडी कुरकुरत नाही. तिचे जे बिघडते ते आतल्या आत, आणि आपल्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

२०२१ साली कर्ज काढून घेतलेली ही गाडी. तिसऱ्या वर्षी टोमॅटोचे क्रेट भरून घाट चढत असता समोर पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोरच गेला. माल दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत बाजारातला लिलाव आटोपला होता. वर्कशॉपमधल्या मेस्त्रीने विचारले, “ऑइल कोणतं घालता?” भाऊ ऐटीत म्हणाला, “सिंथेटिक! महागातलं.” मेस्त्रीने डबा मागवला, उलटा फिरवला आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. “पुढचं मोठं अक्षर वाचलंत, मागचं बारीक वाचलं नाहीत. या ऑइलची राख गाळणीत बसली.” गाडी आठ दिवस उभी राहिली; बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

त्या रात्री भाऊ मला म्हणाला, “दादा, तू कॉलेजात इतिहास शिकवतोस. मग हे सिंथेटिक म्हणजे काय, ते तरी सांग.” मी गप्प बसलो. पुढे या विषयावर वाचन केले. आजचे हे भाषण म्हणजे त्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

प्रथम वंगण काय करते ते पाहू. लोखंडावर लोखंड घासले तर झिजते आणि तापते. दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा राहिला, तर ते एकमेकांस न भिडता सरकतात. सगळी मख्खी या पापुद्र्यात आहे. तेल फार पातळ झाले तर पापुद्रा तुटतो. फार दाट झाले तर ते जागेवर पोचतच नाही.

हजारो वर्षे हे काम वनस्पतींचे तेल आणि जनावरांची चरबी यांनी केले. आपले एरंडेल तर थेट विमानापर्यंत गेले. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांची इंजिने एरंडेलावर चालत, आणि ‘कॅस्ट्रॉल’ हे प्रसिद्ध नाव एरंडाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच आले. परंतु वनस्पतींचे तेल उष्णतेने लवकर चिकट होते.

१८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याने विंधण घेऊन जमिनीतून खनिज तेल काढले. त्या तेलापासून स्वस्त वंगण मिळू लागले. पुढे १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन यशस्वी ठरले. या इंजिनात दाब जास्त, उष्णता जास्त आणि काजळीही जास्त. वंगणाची खरी परीक्षा येथून सुरू झाली.

खनिज तेलात दोष तो कोणता? आपण कांद्याच्या ढिगाचे उदाहरण घेऊ. शेतातून आणलेल्या ढिगात मोठा कांदा असतो, मध्यम असतो, गोल्टी असते, थोडी मातीही असते. जमिनीतले तेल असेच असते. त्यात लहानमोठे नाना तऱ्हेचे रेणू मिसळलेले असतात. कारखान्यात ते निवडले तरी सगळे एकसारखे होत नाहीत. त्यांतले हलके रेणू उष्णतेने उडून जातात. काही मेणासारखे असतात, ते थंडीत गोठतात. थंडीच्या सकाळी खोबरेल बाटलीत घट्ट बसते ना, तसेच.

हा दोष शांततेच्या काळात चालून गेला. युद्धात तो चालेना. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीवर पोचले आणि थंडीने त्याला गाठले. रणगाड्यांचे तेल इतके घट्ट झाले की इंजिन फिरेना. सैनिक गाड्यांखाली जाळ करून तेल पातळ करीत.

विद्वानांनी मात्र दुसरी वाट आधीच शोधली होती. फ्रीडेल आणि क्राफ्ट्स या दोन शास्त्रज्ञांनी १८७७ साली एक रासायनिक क्रिया शोधली. तिच्या साह्याने तेलासारखे पदार्थ प्रयोगशाळेत बनवता येऊ लागले. १९२५ च्या सुमारास जर्मनीतच फिशर आणि ट्रॉप्श यांनी कोळशापासून निघणाऱ्या वायूचे तेल करून दाखवले. जर्मनीजवळ कोळसा मुबलक, तेल नाही. म्हणून ही धडपड. अमेरिकेतही १९३० च्या आगेमागे वायूचे लहान रेणू एकमेकांस जोडून वंगण बनवण्याचे प्रयोग झाले. ‘सिंथेसिस’ म्हणजे जोडणी, संश्लेषण. सिंथेटिक तेल म्हणजे जोडून बनवलेले तेल. ढीग निवडत बसण्याऐवजी सारे कांदे एका मापाचेच पिकवावेत, तसा हा प्रकार. रेणू एका मापाचे, म्हणून ते थंडीत लवकर गोठत नाहीत आणि उष्णतेत लवकर उडत नाहीत.

युद्धानंतर जेट विमाने आली. उंचावर बाहेरची हवा शून्याखाली पन्नास अंश, तर इंजिनाच्या आत भट्टी. तेथे साधे तेल टिकेना. १९५१ साली अमेरिकन सैन्याने जेट इंजिनांसाठी एस्टर नावाच्या संयुगांपासून बनलेल्या तेलाचे प्रमाण ठरवून दिले. मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथील आल्बर्ट अमाटुझिओ नावाचा लढाऊ विमानांचा वैमानिक विचार करू लागला, की जे विमानाला चालते ते मोटारीला का चालू नये? डुलुथचा हिवाळा म्हणजे सकाळी गाडी चालू झाली तर नशीब! १९७२ साली त्याच्या ‘ॲमसॉइल’ने मोटारीसाठीचे सिंथेटिक तेल बाजारात आणले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या, कसोटीला उतरलेले ते अशा प्रकारचे पहिले तेल मानले जाते. पुढच्याच वर्षी अरबांनी तेल रोखल्याने इंधन महागले आणि इंधन वाचवणाऱ्या प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक मिळाले. ‘मोबिल-१’ हे तेल १९७४ साली युरोपात आणि १९७६ साली अमेरिकेत आले.

आता पिकअपकडे वळू. अमेरिकेतील शेतकऱ्याची पिकअप म्हणजे आपल्याकडची बैलगाडी आणि जीप एकत्र. १९९४ साली फोर्ड कंपनीच्या मोठ्या पिकअपमध्ये ७.३ लिटरचे एक डिझेल इंजिन आले. त्याची गंमत अशी, की त्यात डिझेल फवारणारे इंजेक्टर खुद्द इंजिन ऑइलच्या दाबावर चालत. म्हणजे ऑइल नुसते वंगण राहिले नाही. ते कामाचा गडी झाले! मिनेसोटाच्या थंडीत ते घट्ट झाले तर झीज राहिली दूर, गाडीच चालू होत नसे. अशा मालकाला सिंथेटिक ऑइल म्हणजे चैन नव्हती, गरज होती.

डब्यावरचे आकडे येथे उपयोगी पडतात. समजा, डब्यावर ‘५ डब्ल्यू-४०’ असे लिहिले आहे. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो. मागचा आकडा इंजिन तापल्यावरचा, १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ‘५ डब्ल्यू’ तेलाची कसोटी उणे ३० अंशांवर घेतात, ‘१५ डब्ल्यू’ तेलाची उणे २० अंशांवर. मागचा ४० हा आकडा दोन्हींत सारखा; म्हणजे इंजिन तापल्यावर दोन्ही तेले एकाच वर्गात बसतात. आता आपल्याकडे निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. मग निव्वळ थंडीसाठी डुलुथच्या शेतकऱ्याचे तेल आपण कशाला घ्यावे?

पण थांबा, गोष्ट येथे संपत नाही. थंडी नसली तरी आपल्याकडे ऊन आहे, घाट आहेत आणि पिकअपमध्ये टर्बो आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला आधार तेलाच्या पापुद्र्याचा. तेथे उष्णतेत टिकणारे सिंथेटिक तेल उजवे ठरते, यात शंका नाही. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटे चालू ठेवावी, ती याच टर्बोसाठी. तेल कोणतेही असो, ही सवय फुकट मिळते.

मग माझ्या भावाचे चुकले कुठे? त्याने तर सिंथेटिकच घातले होते! येथे इतिहासातील आणखी दोन वर्षे लक्षात ठेवावी लागतात : १९९९ आणि २०२०.

एका मोठ्या कंपनीने जमिनीतलेच तेल हायड्रोजनच्या भारी दाबाखाली अतिशय शुद्ध करून, त्याचे रेणू बदलून, ते ‘सिंथेटिक’ या नावाने विकले. प्रतिस्पर्धी कंपनीने तक्रार केली, की हे जोडून बनवलेले तेल नव्हे. हा वाद अमेरिकेतील जाहिरातींची छाननी करणाऱ्या व्यावसायिकांच्या संस्थेपुढे गेला. १९९९ साली निकाल लागला, की अशा तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून तो शब्द रसायनशास्त्राचा कमी आणि बाजाराचा अधिक झाला. हे शुद्ध केलेले तेल वाईट असते असे मुळीच नाही. पुष्कळदा ते उत्तमच असते. परंतु नुसत्या त्या शब्दावरून आत काय आहे हे आता कळत नाही.

दुसरे वर्ष २०२०. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी येऊ लागली. काजळी गाळणीतच जाळून टाकता येते. पण ऑइलमधल्या रासायनिक पुटांपासून होणारी राख जळत नाही. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही, तसेच हे. ती साचत जाते आणि गाळणी चोंदते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. एपीआयचा ‘सीजे-४’ हा वर्ग २००६ साली आणि ‘सीके-४’ हा २०१६ साली आला, तो अशा इंजिनांसाठी. त्यांत राखेचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक चालत नाही. भावाच्या डब्यावर पुढे ‘सिंथेटिक’ होते आणि मागे ‘सीआय-४’ हा २००२ सालचा जुना वर्ग होता. तेल चांगले होते. पण ते दुसऱ्या इंजिनाचे होते. शेजाऱ्याचे औषध कितीही महाग असले, तरी आपल्या दुखण्याला लागू पडेलच असे नाही.

तेव्हा ऑइल घेताना क्रम असा ठेवावा. प्रथम गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वर्ग पाहावा. मग दाटपणाचा आकडा पाहावा. या दोन गोष्टी जुळल्या, की मग सिंथेटिक घ्यावे की साधे हा प्रश्न विचारावा. जुन्या, गाळणी नसलेल्या इंजिनाला पुस्तिकेची परवानगी असेल तर चांगले साधे तेल वेळेवर बदललेले पुरते. महागाचे तेल घातले म्हणून बदलण्याची मुदत मनाने लांबवू नये. आणि डिझेल गाडीचे ऑइल लवकर काळे झाले म्हणून घाबरू नये. काजळी आपल्या अंगावर घेणे हे तर त्याचे कामच आहे.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक विनंती. गॅरेजमधून ऑइलचा एखादा रिकामा डबा वर्गात आणा आणि मुलांना त्याची मागची बाजू मोठ्याने वाचायला सांगा. घनता, उष्णता, रेणू, हवामान, इतकेच काय पण युद्धाचा इतिहासही त्या चार ओळींतून शिकवता येईल. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी कर्जाची पिकअप उभी असेल, तर संध्याकाळी तो बापाला नक्की विचारील, “बाबा, आपल्या डब्यावर मागं काय लिहिलंय?”