पाण्याविना धुणे

ड्राय क्लीनिंगचा इतिहास सांगणारी बहुतेक पुस्तके पॅरिसमधल्या एका कलंडलेल्या दिव्यापासून सुरुवात करतात. झां-बाप्तिस्त जोली नावाच्या रंगाऱ्याच्या घरी मोलकरणीचा धक्का लागून दिवा उलटला, आतले टर्पेंटाइन मेजावरच्या कापडावर सांडले आणि वाळल्यावर नेमका तेवढाच भाग स्वच्छ निघाला, अशी ती गोष्ट. साल कोणी १८२५ देतो, कोणी १८४० नंतरचे. दिव्यातले तेलही लेखकागणिक बदलते. शोधाच्या गोष्टींत असा अपघात आणि अशी एखादी बिननावाची मोलकरीण नेहमीच सापडते, त्यामुळे ती खरी की खोटी या वादात शिरण्यात मला रस नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या गोष्टीमुळे असा समज होतो की त्या दिवसापर्यंत माणसाला धुणे म्हणजे पाणी एवढेच ठाऊक होते. पाणी न लावता तेलकट डाग उचलण्याची विद्या त्या दिव्याच्या कितीतरी आधीची. तिचे मुख्य साधन माती होते, आणि ती विद्या सर्वांत जास्त मुरली ती कापडापेक्षा लव असलेल्या चामड्यात, म्हणजे आज आपण ज्याला स्वेड म्हणतो त्या जातीच्या चामड्यात.

चामड्याला दोन बाजू असतात. केसांकडची बाजू घट्ट आणि दाणेदार. तिच्यावर पॉलिश चढते, पडलेला थेंब पुसता येतो. मांसाकडची बाजू तंतूंची. ती घासून, तिची लव उभी करून बाहेरच्या अंगाला आणली की स्वेड तयार. म्हणजे कातड्याला निसर्गाने दिलेले संरक्षण बाजूला सारून त्याची उघडी बाजू आपण मिरवायला काढतो. अशा चामड्यावर पाण्याचा थेंब पडला की तो तंतूंतून पसरतो, जाता जाता सुटा रंग आणि कमावताना मुरलेली द्रव्ये विरघळवतो, कडेपर्यंत वाहून नेतो आणि तिथे सुकतो. मागे गडद वेढा राहतो, लव आपसात चिकटते, मऊ भाग कडक होतो. डाग काढायला पाणी वापरावे तर पाण्याचाच नवा डाग पडतो. म्हणून ज्यांचा धंदा किंवा रुबाब अशा चामड्यावर अवलंबून होता, त्यांना कोरडी वाट शोधण्यावाचून गत्यंतर नव्हते. गरज आधीची असेल तर उपायही आधीचा असणार, हा माझा पहिला मुद्दा. पण हा नुसता तर्क झाला. पुरावा पाहायला हवा.

आपल्याकडे चेहऱ्याच्या लेपासाठी घरोघर असलेली मुलतानी माती आणि युरोपातल्या लोकरीच्या कारागिरांची माती एकाच कुळातली. बारीक कणांची, भरपूर पृष्ठभागाची, तेल शोषून घेणारी. रोममध्ये लोकरीचे कपडे तुडवून धुणाऱ्यांचा मोठा धंदा होता, आणि इ.स.पू. २२० च्या सुमाराच्या मेतिलियन कायद्याने त्यांच्या कामाचा क्रमसुद्धा बांधून दिला होता: आधी सार्डिनियाची माती, मग गंधकाची धुरी, मग किमोलोस बेटाची माती. रोमन लेखक प्लिनीने हे नोंदवून ठेवले आहे. कोणती माती कोणत्या टप्प्यावर वापरायची यावर कायदा होतो, याचा अर्थ मातीची पारख हे तेव्हा रीतसर तंत्र होते. इंग्लंडने पुढे ही माती देशाबाहेर नेण्यावर लोकरीइतकीच कडक बंदी घातली. ॲडम स्मिथने १७७६ साली तिच्यावर टीका केली आहे. मातीची चोरटी निर्यात हा गुन्हा होता, हे आज वाचताना हसू येते खरे.

इथे जाणकार वाचक अडवेल. रोमन धोबी कोरडे काम करत नव्हते. हौदात पाणी, मूत्र आणि माती घालून पायांनी तुडवत होते. मग त्यांचा कोरड्या धुलाईशी संबंध काय? हरकत रास्त आहे, आणि रोमन हौदापासून स्वेडच्या ब्रशपर्यंत मी सरळ रेघ ओढत नाही. पण दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पॉम्पेईच्या एका धुलाईघरातली भित्तिचित्रे आज नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. त्यांत एक कारागीर टांगलेल्या कापडाची लव ब्रशने उभी करताना दिसतो. डाग काढण्याइतकेच लव सावरणेही त्या कामाचा भाग होते. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी. इ.स.पू. चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टसने माणसांच्या स्वभावांचे जे नमुने रेखाटले, त्यांतला एक चिक्कू माणूस धोब्याशी हुज्जत घालतो की झग्यात माती भरपूर राहू दे, म्हणजे तो लवकर मळणार नाही. इथे माती धुऊन टाकायची नाही. ती कापडात राहून पुढचे तेल शोषणार आहे. हे कोरडे कामच झाले, आणि त्याचा हिशेब एका कंजूष गिऱ्हाइकालाही कळत होता.

चामड्याकडे वळलो की पुरावा दाट होत जातो. १७व्या शतकातल्या युरोपी घोडदळाचे जाड कोट, नंतरच्या फौजांचे पट्टे आणि शिकारी मंडळींच्या विजारी तेलाने कमावलेल्या, दाणेदार थर काढून टाकलेल्या चामड्याच्या असत; म्हणजे पोताने स्वेडचेच भाऊबंद. त्यांची निगा मातीवर चाले. विजारींसाठी पांढरी माती आणि पिवळी गेरू मळून केलेले गोळे विकत मिळत. पट्ट्यांना पाइपक्ले नावाची पांढरी माती फासली जाई. हातमोज्यांची रीत नाजूक होती. १९व्या शतकातल्या इंग्रजी घरगुती पुस्तकांत ती पुन्हा पुन्हा येते: मोजे पाटावर पसरावेत, सुकवलेली माती आणि तुरटीची पूड ब्रशने चोळावी, झटकावी, मग कोरडा कोंडा आणि खडूची पूड भुरभुरून पुन्हा झटकावे. पाण्याचा थेंब नाही. पावाचा चुराही चाले. कागदावरची पेन्सिलही तेव्हा पावानेच पुसत. रबराने ती पुसता येते ही बातमी इंग्रज शास्त्रज्ञ प्रीस्टलीने छापली ती १७७० साली. आज स्वेडसाठी मिळणारे खोडरबर त्या पावाच्या तुकड्याचेच काम करते.

पण पाइपक्ले डाग काढत नव्हती, झाकत होती, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. शिपायाच्या पट्ट्यावर रोज नवा थर चढे आणि खालचा मळ तसाच राही. शेफील्डच्या पिकरिंग कंपनीने १९व्या शतकाच्या अखेरीस ब्लँको नावाचे लेपद्रव्य बाजारात आणले तेही झाकण्यासाठीच, आपल्याकडे एन.सी.सी.च्या कॅडेटांनी बुटांना आणि पट्ट्यांना ते फासले आहे. म्हणून हा पुरावा मी निम्म्या वजनानेच धरतो. झाकणे आणि शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत, मातीने दोन्ही होतात एवढेच. पण हातमोज्यांच्या रीतीत माती झटकून टाकायची असते आणि तिच्याबरोबर तेल जाते. तिथे झाकण्याचा प्रश्न येत नाही. ब्रिटिश सैन्याने रासायनिक युद्धात कातडीवर पडलेला विषारी द्रव टिपायला पुढे हातमोज्यांच्या रीतीतली हीच माती निवडली. रंगसफेदी करणारी वस्तू त्या कामाला कोणी हातात घेत नाही.

सर्वांत वजनदार हरकत अशी: माती फार तर ताजे तेल शोषते, टर्पेंटाइन किंवा बेंझीन तेल विरघळवते, तत्त्वच निराळे असल्याने जोलीचा शोध तो शोधच. तत्त्व निराळे आहे हे मला मान्य आहे. पण टर्पेंटाइनने वंगणाचा डाग निघतो हे १८व्या शतकातल्या डाग काढणाऱ्यांना ठाऊक होते. पॅरिसात त्यांची स्वतंत्र जमात होती. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या टॉमस जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिंप्याने ३ मार्च १८२१ रोजी कपडे कोरडे घासून स्वच्छ करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. त्याचा तपशील १८३६च्या आगीत पेटंट कार्यालयाबरोबर जळाला, त्यामुळे त्याने नेमके काय वापरले यावर कोणी पैज लावू नये. तारीख मात्र बोलते. १९व्या शतकाने खरी भर घातली ती प्रमाणाची: डांबर आणि खनिज तेल यांतून स्वस्त द्रावक मिळू लागले, अख्खा कपडा टाकीत बुडवता आला, आणि स्कॉटलंडच्या पर्थमधल्या पुलर कंपनीसारखे कारखाने १८६० नंतर रेल्वेने गावोगावचे कपडे मागवू लागले. ही भर लहान नाही. पण तिला आरंभ म्हणणे म्हणजे गिरणी आली त्या दिवशी पीठ सुरू झाले म्हणण्यासारखे आहे.

आणि स्वेडवर द्रावकाची मर्यादा लगेच उघडी पडते. चामडे मऊ राहते ते त्यात मुरवलेल्या तेलामुळे. द्रावकाला डागाचे तेल आणि चामड्याचे तेल यांत फरक करता येत नाही. दोन्ही निघतात, चामडे ताठरते, रंग उतरतो, म्हणून चामडे धुणाऱ्यांना द्रावकात पुन्हा तेल मिसळावे लागते. घरी बेंझीनने हातमोजे पुसणाऱ्या बायकांच्या वाट्याला तर वास आणि भडक्याची भीती दोन्ही आले. २०व्या शतकात पर्क्लोरोएथिलीनने भडक्याची भीती घालवली, पण ते कामगारांच्या आरोग्याला घातक ठरले. कॅलिफोर्नियाने २००७ साली त्यावर टप्प्याटप्प्याने बंदी जाहीर केली आणि २०२३ पासून तिथल्या लाँड्रीत ते बंद झाले. दरम्यान स्वेड हातमोज्यांतून पायांत उतरले होते. कैरोच्या बाजारात बनलेले, ब्रिटिश अफसरांच्या पायांतले बूट पाहून नेथन क्लार्कने आखलेला डेझर्ट बूट १९४९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आला, आणि शहरी धूळ, पाऊस आणि सांडलेले तूप यांना तोंड देणारे स्वेड सामान्य गिऱ्हाइकाच्या घरात शिरले. बूट कोणी टाकीत बुडवून धूत नाही. त्यामुळे ब्रश, रबर आणि पूड ही जुनी त्रयी पुन्हा दुकानात आली, फक्त आता डब्यावर कंपनीचे नाव होते.

मातीचीही हद्द आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. शाई, वाइन, हळद यांच्यापुढे ती हात टेकते, कारण तिथे तेल नसते, तंतूला धरलेला रंग असतो. वर्षभर हवा लागून घट्ट झालेले तेलही ती उचलत नाही. पण ताज्या तुपाच्या डागावर मुलतानी मातीची किंवा मक्याच्या पिठाची पूड जाडसर पसरायची, न चोळता रात्रभर ठेवायची, सकाळी लवेच्या दिशेने ब्रश फिरवायचा, आणि पूड तेलकट झालेली दिसली तर ती झटकून पुन्हा ताजी टाकायची. पॅरिसच्या त्या दिव्याची यात कुठेच गरज पडत नाही.