भूऔष्णिक विहिरी बुजविणे (रोटोरुआ)

भूगर्भातील उष्ण पाणी व वाफ वर आणणाऱ्या विंधणविहिरी निरुपयोगी झाल्यावर किंवा कायद्याने बंद कराव्या लागल्यास त्या कायमच्या बुजविण्याची क्रिया. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील रोटोरुआ शहरात १९८६ नंतर झालेली बंदी हे तिचे सर्वांत महत्त्वाचे ऐतिहासिक उदाहरण होय.

रोटोरुआ हे शहर उष्णोदकाच्या क्षेत्रावरच वसलेले आहे. शहराच्या दक्षिण भागातील व्हाकारेवारेवा येथे पोहुतू हा प्रसिद्ध गायझर असून तेथील माओरी लोक पिढ्यान्‌पिढ्या उष्ण झऱ्यांचा स्वयंपाक, स्नान इत्यादींसाठी उपयोग करीत आले आहेत. विसाव्या शतकात घरे, हॉटेले व सरकारी इमारती उबदार ठेवण्यासाठी शहरात शेकडो विहिरी खणल्या गेल्या. त्यांपैकी बहुतेक २०० मी.पेक्षा कमी खोल होत्या. १९८० च्या सुमारास त्यांतून दररोज सु. ३०,००० टन उष्ण पाणी व वाफ काढली जाई. वापरलेले पाणी मूळ थरात परत न सोडता बहुधा उथळ भिजखड्ड्यांत सोडले जाई. त्यामुळे जलधारक थरातील दाब घटून झरे व गायझर मंदावले. पापाकुरा हा गायझर १९७९ मध्ये थांबला.

१९८२ पासून क्षेत्राचे पद्धतशीर मापन सुरू झाले व १९८६ मध्ये शासनाने पोहुतूपासून १·५ किमी. त्रिज्येतील सर्व विहिरी बंद करण्याचा आदेश दिला. स्वस्त उष्णतेस मुकणाऱ्या विहीरमालकांनी त्यास तीव्र विरोध केला. तथापि या परिसरातील शंभरावर विहिरी बंद झाल्या. त्रिज्येबाहेरील वापरावर शुल्क आकारल्यामुळेही अनेकांनी आपल्या विहिरी बंद केल्या.

अशी विहीर केवळ तोंडाशी झडप लावून सुरक्षित होत नाही. पोलादी आवरण नळ उष्ण, रासायनिक पाण्याने गंजतो व छिद्रांतून पाणी वरच्या थरांत शिरून जमिनीवर अन्यत्र फुटू शकते. म्हणून प्रथम थंड पाणी दाबाने सोडून विहीर शांत करतात. नंतर आत सोडलेल्या नळीतून सिमेंटचे पातळ मिश्रण तळापासून वर भरत आणतात. सु. ११०° से.पेक्षा अधिक तापमानात साधे सिमेंट कालांतराने दुर्बल होते. म्हणून त्यात सिलिकेची पूड मिसळतात. सिमेंट घट्ट झाल्याची खात्री केल्यावरच नळ जमिनीखाली कापून झाकतात.

बंदीनंतर उपसा सु. एक-तृतीयांशावर आला, निरीक्षण विहिरींतील जलपातळी १ ते २ मी. वाढली व अनेक झरे पुन्हा वाहू लागले. पापाकुरा गायझर मात्र २०१५ मध्ये, म्हणजे ३६ वर्षांनी, पुन्हा उसळला. १९९९ च्या प्रादेशिक योजनेने १·५ किमी.ची मर्यादा कायम ठेवली आणि वापरलेले पाणी मूळ थरात परत सोडण्यावर भर दिला. दाब लवकर घटतो, पण भरून येण्यास दशके लागतात, हे या अनुभवाने दाखवून दिले.