लॅटिन कोशाची वर्गणी

१६१७ साली लंडनमध्ये एक अवजड ग्रंथ प्रसिद्ध झाला. जॉन मिन्शू नावाच्या भाषाशिक्षकाने रचलेल्या या कोशात इंग्रजी शब्दापुढे लॅटिन, ग्रीक, हिब्रू, स्पॅनिश, फ्रेंच, वेल्श अशा भाषांतील प्रतिशब्द दिले होते. भाषा एकूण ११. काम वर्षानुवर्षे चालले, पदरमोड झाली, मग कर्ज झाले. एवढ्या खर्चाचा ग्रंथ पूर्णपणे स्वतःच्या जोखमीवर काढील असा प्रकाशक मिळणे अवघड होते.

मिन्शूने मार्ग काढला तो असा: विद्यापीठे, धर्माधिकारी, सरदार, वकील अशा संभाव्य ग्राहकांपर्यंत तो स्वतः पोहोचला आणि ज्यांनी प्रत घेतली त्यांच्या नावांची यादी छापून ग्रंथाला जोडली. यादीतील नावे पाहून आणखी लोकांनी पुढे यावे, हा त्यामागचा सरळ हेतू. इंग्लंडमध्ये वर्गणीदारांच्या बळावर निघालेले पहिले पुस्तक म्हणून सामान्यतः याच कोशाकडे बोट दाखवले जाते. पुढे १८व्या शतकात कवितासंग्रहांपासून प्रवासवर्णनांपर्यंत शेकडो पुस्तके या पद्धतीने निघाली. तिची सुरुवात मात्र शब्दकोशापासून झाली, आणि हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

कारण कोशाचे अर्थकारणच विचित्र आहे. कादंबरीचे एक प्रकरण लिहून झाले तरी ते वाचता येते. ‘अ’पासून ‘क’पर्यंतचा कोश मात्र अर्धवटच असतो. खर्च आधी, तोही अनेक वर्षे. उत्पन्न नंतर, तेही झाले तर. भाषा लॅटिनसारखी, म्हणजे कोणाचीच मातृभाषा नसलेली असेल तर ग्राहक जगभर विखुरलेले, पण प्रत्येक गावात मूठभर. ‘हे पैसे कोणी द्यायचे?’ हा प्रश्न लॅटिन कोशांच्या इतिहासात प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला आहे.

मिन्शूच्या आधी पॅरिसमधील मुद्रक रोबेर एस्तिएन याने तो एकट्याच्या हिमतीवर सोडवला होता. इटलीतील कालेपिनो या भिक्षूचा १५०२ मधील लॅटिन कोश त्या काळी घरोघरी होता, पण चुकांनी भरलेला. तो सुधारून छापावा अशी मागणी एस्तिएनकडे होत होती. ते काम करण्यास योग्य विद्वान मिळेना, तेव्हा मुद्रकानेच प्राचीन लेखकांचे ग्रंथ पुढ्यात घेऊन नवा कोश रचला. १५३१ च्या या ‘थेसॉरस’चे यश मोठे होते. त्याचा मुलगा आंरी याने बापाच्या पावलावर पाऊल टाकून ग्रीक भाषेचा महाकोश काढला. १५७२ मध्ये त्याचे पाच भव्य खंड बाहेर पडले, आणि त्यांनीच त्याला बुडवले. खंड महाग होते, विक्री मंद होती. अशात योहान स्कापुला नावाच्या गृहस्थाने त्याच कोशाचा एका खंडातला संक्षेप बाझेलहून स्वस्तात बाजारात आणला. विद्यार्थ्यांनी अर्थातच तो घेतला. आंरी १५९८ मध्ये ल्यों येथील रुग्णालयात विपन्नावस्थेत वारला.

स्कापुलाला चोर म्हणण्याची परंपरा जुनी आहे आणि ती अन्यायाची नाही. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: पुढच्या पिढ्यांतील असंख्य सामान्य विद्यार्थी ग्रीक शिकले ते स्कापुलाच्या संक्षेपावर. ज्याने कष्ट केले त्याला मोबदला नाही आणि ज्याला गरज आहे त्याला मूळ ग्रंथ परवडत नाही, या दुहेरी पेचाचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

१९व्या शतकात हा पेच सोडवण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न जर्मन भाषिक प्रदेशात झाला. एव्हाना पादुआच्या धर्मविद्यालयात एजिदिओ फोर्चेल्लीनी याने सुमारे चार दशके खपून केलेला महाकोश उपलब्ध होता. तो १७७१ मध्ये छापून निघाला, कोशकाराच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. पण नव्या भाषाशास्त्राला आता अधिक काही हवे होते: प्राचीन लॅटिनमधील प्रत्येक शब्द, त्याच्या पहिल्या नोंदीपासून इसवी सन ६०० च्या आसपासपर्यंत, सर्व अर्थच्छटांसह. हे एका माणसाचे काम नव्हते, एका राजाचेही नव्हते. १८५८ मध्ये कार्ल हाल्म याने मांडलेली अशीच योजना, बव्हेरियाच्या राजाने साहाय्य देऊ केल्यानंतरही, बारगळली होती.

एडुआर्ट व्योल्फ्लिन हा म्युनिकमधील प्राध्यापक या अपयशातून शिकला. त्याने आधी पैसा मागितला नाही. १८८४ मध्ये त्याने लॅटिन कोशरचनेला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले आणि ठिकठिकाणच्या स्वयंसेवी वाचकांना कामाला लावले. कोणी एका लेखकाचे ग्रंथ वाचून विशिष्ट शब्दांचे प्रयोग टिपायचे, कोणी दुसऱ्याचे. यातून काम कसे करावे हे कळले, आणि असे काम होऊ शकते हेही सिद्ध झाले. मागणाऱ्याच्या हाती नमुना असला की देणाऱ्याचा हात मोकळा होतो, हे वर्गणी गोळा करणाऱ्या कोणत्याही मंडळाला ठाऊक असते.

मग थिओडोर मॉमसेनसारख्या दिग्गज इतिहासकाराचे वजन योजनेमागे आले. बर्लिन, ग्योटिंगेन, लाइपझिग, म्युनिक आणि व्हिएन्ना येथील पाच विद्वत्सभांनी, म्हणजे अकादमींनी, मिळून भार उचलण्याचे ठरवले आणि १८९४ मध्ये ‘थेसॉरस लिंग्वे लातिने’चे काम सुरू झाले. या यादीकडे जरा थांबून पाहावे. १८६६ च्या युद्धात प्रशियाच्या विरोधात ऑस्ट्रिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि हॅनोव्हर लढले होते. त्यानंतर ग्योटिंगेनसह हॅनोव्हर प्रशियाने गिळंकृत केले. अवघ्या २८ वर्षांनंतर त्याच राज्यांतील विद्वान एका मृत भाषेच्या कोशासाठी एकाच पेटीत पैसे टाकत होते.

त्या पैशांतून आधी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्राचीन ग्रंथातील उतारा हाताने लिहायचा, शिळाछापाने त्याच्या अनेक प्रती काढायच्या आणि प्रत्येक प्रतीवर उताऱ्यातील एकेक शब्द खूण करून त्या शब्दाच्या डब्यात टाकायचा. साधारण दुसऱ्या शतकापर्यंतचे साहित्य अशा रीतीने शब्दन् शब्द टिपले गेले; नंतरच्या ग्रंथांतून निवडक उतारे घेतले गेले. आज म्युनिकमधील या संग्रहात सुमारे १ कोटी चिठ्ठ्या आहेत. एका शब्दाची नोंद लिहिणारा अभ्यासक त्या शब्दाच्या सर्व चिठ्ठ्या वाचतो, त्यांचे गट पाडतो, गटांचे उपगट करतो आणि अर्थाचा वृक्ष उभा करतो. स्पष्टीकरणही लॅटिनमध्येच, कारण कोश कोणा एका देशाचा नाही.

१९०० मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा अंदाज होता की सगळे १५ ते २० वर्षांत आटोपेल. अंदाज किती चुकावा? पहिले महायुद्ध आले, मग १९२३ च्या भीषण चलनवाढीने जर्मन संस्थांची गंगाजळी कागदाच्या मोलाची केली. दुसऱ्या महायुद्धात चिठ्ठ्या बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी एका मठात हलवाव्या लागल्या. १९४५ नंतर उद्ध्वस्त जर्मनीने लॅटिन कोशावर खर्च करावा, असे म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

येथे वर्गणीचे वर्तुळ पुन्हा रुंदावले. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि नुकत्याच एकमेकांशी लढलेल्या देशांच्या अकादमी त्यात आल्या. काहींनी पैसे दिले. काहींनी त्याहून मोलाचे दिले, म्हणजे माणसे. एखाद्या देशाने आपल्या खर्चाने तरुण अभ्यासक म्युनिकला पाठवायचा, त्याने तेथे राहून नोंदी लिहायच्या आणि कोशविद्येत तयार होऊन परतायचे. अमेरिकेतील अभिजात विद्येच्या संघटनेने सार्वजनिक निधीच्या साहाय्याने १९८४ पासून अशी शिष्यवृत्ती चालवली. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते खरे. मात्र हे तळे साचत असतानाच त्यातून पाणी उपसले जात होते, एवढेच.

परंतु सामूहिक पैशाने तयार झालेला कोश सर्वांना खुला नव्हता. खंड महाग होते, पुढे आलेली चकती आणि ऑनलाइन आवृत्तीही विकतची. श्रीमंत विद्यापीठाचा विद्यार्थी ती उघडू शके. बाकीच्यांसाठी दार बंद. आंरी एस्तिएनचा जुना पेच असा नव्या रूपात परत आला.

त्याला उत्तर मिळाले ते एका जुन्या, काहीशा कालबाह्य कोशामुळे. विल्हेल्म फ्रॉइंटचा जर्मन कोश १८३४ ते १८४५ या काळात निघाला होता. १८५० मध्ये अमेरिकेत त्याचे इंग्रजी रूप आले. ते सुधारून १८७९ मध्ये ‘लुइस आणि शॉर्ट’ हा कोश झाला. चार्ल्स शॉर्ट प्राध्यापक होते. त्यांनी ‘ए’ हे अक्षर पूर्ण केले. उरलेले सारे न्यूयॉर्कमधील वकील चार्ल्टन लुइस यांनी. आडनावांचा क्रम पाहता हा न्याय यथायोग्यच म्हटला पाहिजे. महत्त्वाची गोष्ट अशी की १८७९ च्या ग्रंथाचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला होता.

अमेरिकेतील ‘पर्सियस’ प्रकल्पाने ग्रेगरी क्रेन यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकापासून अभिजात ग्रंथ संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले होते. या कोशाची दोन हजारांहून अधिक पाने नुसती छायाचित्रित करून भागणार नव्हते. बारीक टंक, ऱ्हस्वदीर्घाच्या खुणा, मध्येच ग्रीक शब्द, शेकडो संक्षेप. हे सगळे अक्षरशः भरून घ्यायचे आणि कोठे अर्थ संपतो, कोठे अवतरण सुरू होते, अवतरण कोणत्या ग्रंथातले, हे संगणकाला कळेल अशा खुणा करायच्या. शिवाय लॅटिनची रूपे. मराठीत ‘गेला’चा अर्थ ‘जाणे’ या शब्दाखाली शोधावा लागतो, तसे लॅटिनमध्ये ‘तुलित’ हे रूप ‘फेरो’ या क्रियापदाखाली सापडते. नवशिक्याला हे कसे कळावे? त्यासाठी रूपे ओळखणारी वेगळी आज्ञावली लागली. कागदी कोश व खराखुरा डिजिटल कोश यांतले अंतर हेच, आणि खर्चही येथेच होतो.

तो खर्च शासकीय निधी आणि प्रतिष्ठानांच्या अनुदानांतून भागला. अनुदान काम होण्यापूर्वीच मिळाल्याने काम झाल्यावर कोशाभोवती कुंपण घालण्याची गरज उरली नाही. संपूर्ण मजकूर मुक्त परवान्याने उपलब्ध झाला आणि त्यावरून शिकागो विद्यापीठाचे ‘लोगेऑन’, शिवाय इतर कितीतरी साधने उभी राहिली. प्रत्येकाने ती दोन हजार पाने पुन्हा भरण्याचा प्रश्नच आला नाही.

अनुदान न मिळणाऱ्यांनी मिन्शूची वाट नव्याने शोधली. ‘लोगोस’ या बायबल-अभ्यासाच्या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने जुन्या, स्वामित्वमुक्त ग्रंथांसाठी एक पद्धत वापरली. आधी ग्रंथाच्या डिजिटल आवृत्तीचा खर्च ठरवायचा. वाचकाने आपण जास्तीत जास्त किती देऊ ते कळवायचे. समजा, खर्च ५०,००० डॉलर आहे. ५० डॉलर देणारे १,००० जण मिळाले तर काम सुरू; पण १० डॉलर देणारे ५,००० जण जमले तर सर्वांनाच तो १० डॉलरला. कोणाकडूनही आधी पैसे घ्यायचे नाहीत. रक्कम जमली नाही तर कोणाचे नुकसान नाही. साहजिकच प्रत्येक वर्गणीदार प्रचारक होतो, कारण नवा माणूस आला की त्याचीही किंमत उतरते. मिन्शूच्या छापील यादीचे काम येथे एका आलेखाने केले. फरक इतकाच, की अशा कोशाचे दार वर्गणी न देणाऱ्याला बंदच राहते. अनुदानावरचा कोश सर्वांचा होतो.

दरम्यान म्युनिकचा महाकोशही बदलला. २०१९ पासून त्याचे प्रसिद्ध झालेले खंड पीडीएफ स्वरूपात कोणालाही विनामूल्य उघडता येतात. १८९४ मध्ये पाच अकादमींनी सुरू केलेल्या वर्गणीचे फळ सव्वाशे वर्षांनी वर्गणी न देणाऱ्यांच्याही हाती आले.

कोश अद्याप पूर्ण नाही. ‘पी’ हे अक्षर २०१० मध्ये संपले. ‘एन’ अतिशय अवघड शब्दांमुळे मागे ठेवला होता; आता ‘एन’ आणि ‘आर’ यांवर एकाच वेळी काम चालू आहे. शेवटचा शब्द असेल ‘झिथुम’, इजिप्तमधील जवाची बिअर. तेथवर पोहोचायला २०५० उजाडेल असा अंदाज आहे, आणि या कोशाच्या अंदाजांचा पूर्वेतिहास वर आलाच आहे. तोवर ‘शब्द’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘व्हर्बुम’ त्यात सापडणार नाही. खुद्द ‘थेसॉरस’ही नाही. हे दोन शब्द शोधणाऱ्याला आजही न्यूयॉर्कच्या त्या वकिलाकडेच जावे लागते.