एका ओळीचा थ्रेड आणि चाळीस वर्षांचा वाद

१/ ‘थ्रेड’ म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांचा एक स्वतंत्र ओघ. एकाच प्रोग्रॅममध्ये असे अनेक ओघ एकाच वेळी चालतात आणि त्या सर्वांची मेमरी सामाईक असते. आज थ्रेड एका ओळीत निर्माण होतो. पण त्या सामाईक माहितीचे रक्षण कोणी करायचे, भाषेने की प्रोग्रॅमरने? या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ १९६३ मध्ये मेल्विन कॉन्वे यांनी ‘फोर्क’ आणि ‘जॉइन’ या आज्ञा मांडल्या. फोर्कपाशी कामाला दोन वाटा फुटतात, जॉइनपाशी त्या पुन्हा एक होतात. थ्रेड निर्माण करण्याची मूळ कल्पना एवढीच. ‘जॉइन’ हा शब्द आजच्या भाषांतही टिकून आहे.

३/ अडचण येते ती सामाईक माहितीपाशी. समजा, पतसंस्थेच्या एका खात्यात १,००० रुपये आहेत. दोन कारकून एकाच क्षणी ही शिल्लक वाचतात. दोघेही त्यात १०० मिळवतात आणि १,१०० लिहितात. शिल्लक १,२०० हवी होती. दोघांची बेरीज अचूक, तरीही हिशेब चुकलेला! अशी चूक क्वचितच घडते, म्हणूनच ती सापडत नाही.

४/ १९६० च्या दशकात डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी यावर ‘सेमाफोर’ सुचवला. नाव रेल्वेच्या सिग्नलचे आणि कामही तेच: एक ओघ आत असेल तर दुसऱ्याने थांबायचे. मात्र सिग्नल पाळणे प्रोग्रॅमरच्या स्मरणावर अवलंबून होते. एका जागी विसर पडला की सारे रक्षण व्यर्थ.

५/ मग पेर ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होअर यांनी ‘मॉनिटर’ची कल्पना विकसित केली. यात माहिती आणि तिचा पहारेकरी एकत्रच असतात. १९७५ मध्ये हॅन्सन यांनी ‘कॉन्करंट पास्कल’ ही भाषा सिद्ध केली. तिचा कंपायलर असुरक्षित प्रोग्रॅम स्वीकारतच नसे. याची किंमतही होती: सर्व ओघ आरंभीच ठरवावे लागत, मध्येच नवा निर्माण करता येत नसे.

६/ हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला; काही दगावले. त्याचा प्रोग्रॅम असेम्ब्ली भाषेत होता. अपघातांच्या कारणांमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांतील अशीच शर्यत होती.

७/ १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा प्रसिद्ध केली आणि थ्रेड सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती आला. काम ‘रन’मध्ये लिहायचे, थ्रेडचा ऑब्जेक्ट घडवायचा आणि ‘स्टार्ट’ची आज्ञा द्यायची. थेट ‘रन’ला बोलावले तर नवा ओघ निर्माणच होत नाही, काम जुन्याच ओघात उरकते. ओघ केव्हाही, हवे तेवढे निर्माण करा. कुलूप लावणे मात्र ऐच्छिक!

८/ १९९९ मध्ये हॅन्सन यांनी जावावर कठोर टीका केली. सामाईक माहिती सुरक्षित आहे का, हे तिचा कंपायलर तपासत नाही. पाव शतकाचे संशोधन दुर्लक्षिले गेले, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच्या आदल्याच वर्षी जावाने थ्रेड बळाने थांबवणारी ‘स्टॉप’ ही सोय धोकादायक म्हणून टाळण्यास सांगितले होते. ओघ मध्येच तोडला की त्याची कुलपे उघडत आणि अर्धवट बदललेली माहिती इतरांच्या हाती पडे.

९/ २०१५ मध्ये रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती आली. थ्रेड केव्हाही निर्माण करता येतो आणि वर सांगितलेला खात्याचा प्रोग्रॅम कुलपाविना लिहिला तर तिचा कंपायलर तो सहसा नाकारतो. जावाचे स्वातंत्र्य आणि कॉन्करंट पास्कलची शिस्त एकत्र नांदू लागली. दोन ओघ एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकू शकतात. तो धोका मात्र रस्टही टाळत नाही. हॅन्सन २००७ मध्येच निवर्तले होते. त्यांचा आग्रह चाळीस वर्षांनी मान्य झाला, तो पाहायला ते नव्हते.