शत्रूच्या देहातील मित्र

वांग्याचे किंवा टोमॅटोचे रोप पाणी असूनही दुपारी मान टाकते. उपटून पाहावे, तो मुळांवर गाठीच गाठी! या गाठींची पहिली नोंद इ. स. १८५५ साली इंग्लंडात झाली. माइल्स जोसेफ बर्कली या धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञास काचगृहातील काकडीच्या मुळांवर त्या आढळल्या. डोळ्यांना सहसा न दिसणारे सूत्रकृमी हे त्यांचे कारण होय.

या शत्रूला मातीतच एक वैरी होता. १९०६ साली नेथन कॉब यांनी एका सूत्रकृमीच्या देहात असंख्य बीजाणू पाहिले. परंतु ते आदिजीवांचे असावेत, असे त्यांना वाटले. १९४० साली जेराल्ड थॉर्न यांनीही त्याची गणना आदिजीवांतच केली. हा वैरी अशा रीतीने परक्या नावाखाली पडून राहिला.

दरम्यान शेतकऱ्यांनी विषाचा मार्ग धरला. १९४३ साली हवाई बेटांतील अननसाच्या मळ्यांत जमिनीत सोडावयाच्या विषारी द्रवाचा प्रभाव दिसून आला आणि अशा द्रव्यांचा प्रसार झाला. त्यांपैकी डीबीसीपी नावाच्या द्रव्याची किंमत माणसांनी मोजली. १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात ते तयार करणाऱ्या कामगारांना वंध्यत्व आल्याचे उघड झाले आणि १९७९ साली अमेरिकेत त्याच्या बहुतेक उपयोगांवर बंदी आली.

त्याआधी, १९७५ साली, मॅन्काऊ यांनी तो जीव आदिजीव नसून जीवाणू असल्याचे दाखविले होते. १९८५ साली त्यास ‘पाश्चुरिया पेनेट्रान्स’ हे नाव मिळाले. त्यातील ‘पाश्चुरिया’ हे कुलनाम मेचनिकॉफ यांनी १८८८ साली, पाण्यातील पिसवांच्या एका परजीवीस पाश्चर यांच्या गौरवार्थ दिले होते.

त्याची रीत विलक्षण आहे. मातीतून मुळाकडे निघालेल्या सूत्रकृमीच्या पिल्लास बीजाणू चिकटतो. पिल्लू मुळात शिरून रस शोषू लागले, की बीजाणूला अंकुर फुटून तो त्याची त्वचा भेदतो. पुढे मादीच्या देहात अंड्यांऐवजी लक्षावधी बीजाणू भरतात आणि मूळ कुजताच ते पुन्हा मातीत मिसळतात.

अर्थात हा जीवाणू प्रत्येक सूत्रकृमीस चिकटत नाही, आणि जिवंत सूत्रकृमीवाचून त्याची वाढ करणे फार कठीण असते. म्हणून तो एका फवाऱ्याचे काम करीत नाही. परंतु त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. विषाला घाई असते. मातीतील या मित्राला मात्र सवड द्यावी लागते.