टाळी, इंजिन आणि शकुंतला

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक बग आला. व्हिडिओत ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. तो दुरुस्त करता करता एकदम अचलपूरचा मावसभाऊ आठवला.

आमचं घर अकोल्याचं. अमरावती जिल्ह्यात मावशीकडे जायचं तर मूर्तिजापूरला गाडी बदलून शकुंतलेत बसायचं. ही नॅरोगेज १९९४ पर्यंत वाफेवर धावायची (आता बंदच आहे). भाऊ तेव्हा तीन वर्षांचा. हाक मारली तर वळून बघायचा नाही. "पोट्ट्याले आयकू येत नाही वाट्टे," शेजारच्या काकू म्हणायच्या. पण लांबून शिट्टी आली की आमच्या आधी तोच धावायचा! आणि इंजिनाचा दांडा पुढे-मागे, त्याच तालात भक् भक्... पठ्ठ्या जागचा हलायचा नाही.

ही गल्लत जुनीच. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनरने ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, जगापुढे मांडली. त्यातल्याही काहींना आधी बहिरं समजले होते.

मग या मुलांचं लक्ष जातं कुठे? एक धागा २००९ मध्ये सापडला, तोही योगायोगाने. येल विद्यापीठात अमी क्लिन आणि मंडळी चिमुरड्यांना नुसत्या ठिपक्यांची माणसं दाखवत होती. एका बाजूला सुलटं, दुसऱ्या बाजूला तेच उलटं, हालचालीही उलट क्रमाने. आवाज मात्र सुलट्याचा. इतर मुलं सुलट्याकडे बघत, स्वमग्न मुलांना दोन्ही सारखेच. पण १५ महिन्यांची एक स्वमग्न मुलगी टाळ्यांचा खेळ लागला की सुलट्यावरून नजर हटवेना. का? तिथे ठिपके आपटत, त्याच क्षणी टाळी वाजे! मग बाकीच्या मुलांच्या नजरा तपासल्या. जिकडे हालचाल आणि आवाज नेमके जुळत, तिकडेच त्या वळत होत्या.

अर्थात सगळी मुलं एका साच्यातली नसतात. पण मला तो इंजिनाचा दांडा आठवला.

कायद्यालाही उशीरच झाला. १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत.

भावाचं निदान झालं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तोवर 'मतिमंद' हा शिक्का, आणि हाकेला ओ देत नाही म्हणून मार. त्यातल्या दोन-चार टपल्या माझ्याही होत्या.