गाडीचा रंग आणि बैलाचे दात

मागच्या महिन्यात आमची अकरा वर्षं जुनी गाडी विकायला काढली. ती बघायला सोलापूरहून एक तरुण उमरग्याला आला. इंजिन सुरू करण्याआधीच त्याने खिशातून मोबाइलएवढं एक यंत्र काढलं आणि बॉनेट, छत, दारं, डिकी असं जागोजागी टेकवत गाडीभोवती फिरला. बॉनेटवर आकडा आला 112, छतावर 108. डाव्या मागच्या दारावर मात्र 460. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "चाचा, हे दार केलेलं आहे."

केलेलंच होतं. सहा वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीने ते दाबलं होतं. इथल्याच गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. काम इतकं साफ झालं होतं की मीही विसरलो होतो. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. त्याने विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. त्याने भाव बराच खाली सांगितला आणि निघून गेला. पैशापेक्षा त्याची ती नजर जास्त लागली.

ते यंत्र रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतं. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून बहुधा 100 ते 150 मायक्रॉन भरतात. आकडा 200 च्या वर गेला की पुन्हा रंग मारल्याचा संशय येतो. चारशे-पाचशेच्या घरात गेला की खाली लांबी भरलेली असणार. यंत्र नसेल तर जुने लोक लोहचुंबक फिरवतात. जाड लांबीवर तो धरत नाही.

आमच्या भागाला ही पारख नवी नाही. जनावरांच्या बाजारात बैलाची शिंगं रंगवलेली असतात, अंगावर झूल असते. पण शेतकरी आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतो. मग विचारतो, "काही खोड आहे का?" रंगवलेल्या शिंगांचे पैसे कोणी देत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र बराच काळ आपण शिंगंच बघत होतो. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

पहिल्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात. तेलाचा रंग आणि वार्निश, ब्रशने थरावर थर. एक गाडी पूर्ण वाळायला काही आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळायची. मग 1923 मध्ये अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीने फवाऱ्याने मारायचा, झटपट वाळणारा 'ड्युको' आणला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात बाजारात आल्या. आपल्याकडचे सुतार फर्निचरवरच्या फवाऱ्याच्या रंगाला आजही ड्युकोच म्हणतात. शब्द मोटारीवरून कपाटावर आला.

मुंबईत लोअर परळला 1920 मध्ये सुरू झालेला गहागन पेंट्सचा कारखाना पुढे नेरोलॅक झाला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिची पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. उमरगा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी स्वतःची रस्ते वाहतूक सुरू केली होती. सोलापूर-हैदराबाद रस्ता गावातूनच जातो, त्यामुळे ट्रक, जीप आणि त्यांची गॅरेजं हा इथला जुना धंदा. आमच्या मुहल्ल्यातली कित्येक घरं डेंटिंग-पेंटिंगवर चालली.

त्या काळी पुन्हा रंग मारणं म्हणजे गाडीची निगा. ट्रक आणि जीप पासिंगला न्यायच्या आधी रंगवून घेत. तांब्याच्या भांड्याला कल्हई करावी तसं. कल्हई केलेल्या भांड्याकडे कोणी संशयाने बघत नाही.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, आणि पुढच्या काळात हे चित्र बदललं. आता पत्र्याचा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवतात, विजेच्या प्रवाहाने थर चढवतात, भट्टीत भाजतात. त्यावर रंग, आणि रंगावर पारदर्शक क्लिअर कोट. गॅरेजमध्ये पूर्ण बांधलेली गाडी इतकी तापवता येत नाही. रबर, प्लास्टिक, वायरिंग खराब होईल. म्हणून कारागीर कितीही हुशार असला तरी 'कंपनी पेंट' पुन्हा येत नाही. तो आहे म्हणजे त्या जागी मोठा मार बसलेला नाही, असा बाजाराने अर्थ लावला. म्हणूनच थोडे ओरखडे असलेला मूळ रंग चकचकीत नव्या रंगापेक्षा जास्त भाव घेतो.

अब्बांना हे यंत्राशिवाय कळलं होतं. त्यांनी 1998 मध्ये एका मोठ्या शहरातून जुनी पांढरी मारुती आणली. आरशासारखी चमकत होती. दुसऱ्या पावसाळ्यात दाराखाली फोड आले, टोकरलं तर लांबीचा पापुद्रा निघाला आणि आत गंजलेला पत्रा दिसला. काही वर्षांनी ती विकताना ओळखीचा पेंटर म्हणाला, "फुल बॉडी मारून देतो, दहा हजार जास्त येतील." अब्बा म्हणाले, "बोल के बेचेंगे." ते गिऱ्हाइकाला आधी तो गंज दाखवायचे, मग चहा पाजायचे. दोन जण चहा पिऊन निघून गेले. तिसऱ्याने कमी भावात घेतली.

कायद्याचं मत काय? 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात विकणाऱ्याला घोडा सदोष असल्याचं माहीत आहे आणि तो गप्प राहिला, तर नुसतं गप्प राहणं फसवणूक ठरत नाही. पण दोष माहीत असून मुद्दाम झाकणं ही फसवणूक आहे. मी दार झाकायला केलं नव्हतं, वापरायला केलं होतं. कायद्याने बहुधा मी सुटलो असतो. पण सहीह मुस्लिममध्ये धान्याच्या ढिगाची एक हदीस आहे. प्रेषितांनी ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. तिथे गप्प राहण्याची सवलत नाही.

आता रंग जपण्याविषयी, कारण बरेच जण विचारतात. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकावर आधारलेला पातळ थर. त्याने चमक टिकते, धूळ आणि पाणी लवकर निघतं. पण उडालेली खडी थांबत नाही. खडी थांबवते ती जाड पारदर्शक फिल्म, जिला पीपीएफ म्हणतात. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी वापरलेल्या फिल्मपासून ती आली. महागडी नवी गाडी असेल आणि रोज हायवेने जाणं असेल, तर निदान बॉनेट आणि पुढच्या बंपरला ती लावणं समजण्यासारखं आहे. जुन्या छोट्या गाडीवर असा खर्च विकताना क्वचितच वसूल होतो.

मराठवाड्याच्या उन्हात सगळ्यात स्वस्त संरक्षण म्हणजे सावली. क्लिअर कोट आधी छतावर आणि बॉनेटवर सोलतो. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, ती पॉलिश पेपरसारखी घासते. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. बोअरचं जड पाणी उन्हात वाळू देऊ नका, डाग बसतात. कपड्यांच्या साबणाऐवजी गाडीचा शाम्पू वापरा आणि अधूनमधून मेण लावा. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी धुवा. आणि छोटा ओरखडा असेल तर विकण्याआधी रंगवू नका, तसाच दाखवा.

दुसऱ्या रविवारी मुरूमहून एक शिक्षक गाडी बघायला आले. ते बॉनेटकडे जात होते. मी त्यांना आधी डाव्या मागच्या दाराशी नेलं आणि म्हणालो, "सर, इथे लांबी भरलेली आहे. ट्रॉली लागली होती." त्यांनी भाव पाडलाच. सोलापूरच्या तरुणाने सांगितला होता त्याहून थोडा जास्त होता, इतकंच. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, चहा झाला. या वेळी चहा पिऊन कोणी उठून गेलं नाही.